ठमीनं पळायला हवं

दुपारी जेवायच्या आधी वासुदेवनं बायकोला रोजचा फोन लावला, आणि तो एका पुरुषानं उचलला. रोजचा प्रश्न एकच असायचा, जेवलीस का, आणि सुजाताचं उत्तरही एकच, तुम्ही जेवा आधी. दुबईत जुमेरा लेक टॉवर्समधल्या त्याच्या ऑफिसात लिफ्टच्या मेंटेनन्सची कंत्राटं बघायचं काम होतं; या फोनशिवाय तिथं त्याच्या पोळीभाजीचं झाकण उघडत नसे. त्या मंगळवारी पुरुषाचा आवाज आला तेव्हा त्याला वाटलं, ही पुन्हा फोन विसरली. सुजाता शारजातल्या धैद गावाच्या पुढं वाळवंटात, प्राण्यांच्या राखीव जागेत व्हॉलंटियर म्हणून जायची, आणि फोन तिथल्या पाण्याच्या टाकीवर ठेवून घरी यायची तिची जुनी खोड होती. आवाजही ओळखीचा होता, तिथं जनावरांची देखभाल करणाऱ्या मुझम्मिलचा. "मुझम्मिलभाई, फोन रह गया क्या मॅडम का? संभाल के रखो, शाम को आता हूं." मग मुझम्मिल म्हणाला, "शाम को नहीं साब. अभी आ जाओ. मॅडम गाडी में बैठी हैं, उठ नहीं रहीं." वासुदेवनं डब्याचं झाकण घट्ट बसवलं, डबा पिशवीत ठेवला आणि लिफ्टपाशी गेला. लिफ्ट जवळजवळ प्रत्येक मजल्यावर थांबली. माणसं कॉफीचे कप घेऊन आत येत होती आणि तो प्रत्येकाला जागा देत मागं सरकत होता. हे त्याला नंतर फार आठवलं. एवढं सगळं चाललेलं असताना आपण लोकांना नीट जागा करून देत होतो.

धैदच्या हॉस्पिटलात डॉक्टरनं मेंदूत रक्तस्राव झाल्याचं सांगितलं. तिला फारसं कळलंही नसेल, असंही म्हणाला. मुझम्मिल दाराशी उभा होता, हातात त्याचीच टोपी पिळत. शाळेची मुलं गेल्यावर मॅडम गाडीत जाऊन बसल्या, इंजिन चालू होतं, आम्हाला वाटलं जरा पडल्या असतील. "एसी चालू था साब," तो म्हणाला. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाला, "एसी पूरा चालू था." वासुदेवनं मान हलवली. ती घामाघूम होऊन गेली नाही, एवढं तो सांगू पाहत होता, आणि दुसरं सांगण्यासारखं त्याच्याजवळ काही नव्हतं.

दहन शारजातच झालं. ईरा, त्यांची मुलगी, टोरांटोहून आली, तिनं सगळे कागद केले, अस्थी नाशिकला नेल्या आणि तिथून परस्पर परत गेली. जाताना म्हणाली, "बाबा, कम विथ मी. व्हॉट विल यू डू हिअर अलोन?" तो म्हणाला, बघू. ती लहानपणापासून इंग्रजीतच उत्तर द्यायची आणि तो मराठीतच विचारायचा, आणि आजवर त्यानं काही अडलं नव्हतं. आता फोन ठेवल्यावर त्याला वाटायचं, मधे बसून दोन्हीकडचं दोन्हीकडं पोचवणारं माणूसच उठून गेलं. शारजातल्या अल नहदाच्या फ्लॅटमधून समोर दुसरा टॉवर दिसायचा, त्यातली माणसं कपडे वाळत घालायची, लहान पोरांना मारायची. घरात सुजाताचं सगळं होतं तसंच होतं. चष्मा, मिसळणाचा डबा, देवासमोरचं स्टूल, गुडघे दुखायला लागल्यापासून ती त्याच्यावर बसून पूजा करायची ते. तो या वस्तूंकडं बघत बसायचा. त्यातल्या एकीलाही ती आठवत नव्हती. चष्मा हा चष्मा होता.

ऑफिसनं रजा दिली होती ती संपली. मग एका शनिवारी तो तिची गाडी आणायला गेला, कारण ती अजून राखीव जागेतच, घाफच्या झाडाखाली उभी होती. ही राखीव जागा सुजातानंच शोधली होती. ईरा शिकायला गेल्यावर घर खायला उठलं तेव्हा मराठी मंडळाच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलं होतं, व्हॉलंटियर हवेत, शाळेच्या मुलांना वाळवंटातले प्राणी दाखवायचे. त्यानं थट्टा केली होती, "बाथरूममध्ये झुरळ निघालं तर मला ऑफिसातून बोलावतेस, आणि तू जनावरं सांभाळणार?" ती म्हणाली, "झुरळ बघायला शाळेच्या बसेस येत नाहीत." मग ती रोज सकाळी ओट्यापाशी इंग्रजीची तालीम करायची. हातात नारळाची करवंटी धरून, तिला साळू समजून, ती कणीक मळायच्या परातीला सांगायची, चिल्ड्रन, डोन्ट शाउट, ही इज स्लीपिंग. त्या शनिवारी गाडीची डिकी उघडली तर ती करवंटी तिथं होती. धुवून, आतून तेल लावून ठेवलेली. त्यानं डिकी लावली, आणि घरी यायच्या ऐवजी तिथल्या ऑफिसच्या पत्र्याच्या खोलीत जाऊन शुभ्राला म्हणाला, "मला काही काम देता येईल का?"

शुभ्रा तिथले शाळांचे कार्यक्रम बघायची. शारजातच वाढलेली, आईवडील नागपूरचे. मराठी बोलताना मधेच तिची वाक्यं इंग्रजीवर चढायची. ती म्हणाली, "काका, यू डोन्ट हॅव टू. म्हणजे, काकूंसाठी म्हणून नका करू." तो म्हणाला, "शनिवारी मला घरी बसवत नाही." तेवढं पुरलं. तिनं त्याला खाकी शर्ट दिला आणि नवीन माणसाला सांगायचे नियम सांगायला लागली, आणि दोन वाक्यांनंतर थांबली. मग म्हणाली, "हे सगळं काकूच सांगायच्या. मला नीट पाठ नाही." नियम थोडेच होते. जे प्राणी पुन्हा बाहेर सोडायचे त्यांना नाव द्यायचं नाही, हात लावायचा नाही, त्यांच्याशी बोलायचं नाही. शनिवारी कुटुंबं यायची तेव्हा वासुदेव रांगेच्या मागं उभा राहायचा आणि कुणी कुंपणाला टेकलं तर मागं व्हायला सांगायचा. एका मुलानं विचारलं, "अंकल, आर यू अ रिअल रेंजर?" तो म्हणाला, "नो. लिफ्ट." मुलगा हसला. ते ऐकून मुझम्मिलनं पुढं कित्येक दिवस त्याला लिफ्टवाले साब अशीच हाक मारली.

मागच्या कुंपणात रीम होत्या, वाळूच्या रंगाची ती लहान हरणं. त्यातली एक त्याला दाखवावी लागली नाही. कानाला पिवळा बिल्ला, डाव्या डोळ्याखाली काळसर डाग. ही ठमी. उन्हाळ्याच्या तोंडावर हायवेपाशी आई गाडीखाली गेलेली, हे पाडस कुणीतरी टॉवेलात गुंडाळून आणून दिलेलं. त्याला बाटलीनं शेळीचं दूध पाजायचं होतं, आणि पाजणारानं खाकी झगा घालायचा, तोंड झाकायचं, एक शब्द बोलायचा नाही. सुजातानं ते काम घेतलं. पहिले काही दिवस ती घरी येऊन गप्प गप्प असायची. मग एकदा जेवताना म्हणाली, "अहो, आज मी बोलले तिच्याशी. मुझम्मिल पलीकडं पाणी सोडत होता, कुणी नव्हतं. एवढंसं पिल्लू मांडीशी येऊन दूध पितंय, आणि मुक्यानं पाजायचं? माझ्याच्यानं नाही झालं." त्यानं विचारलं, काय बोललीस? "काय बोलणार? ये गं ठमे. पी गं ठमे. पुरे आता, पोट फुटेल." तो हसला होता. ठमी हे ईराचं लहानपणचं नाव. त्या नावानं सुजाता तिला भरवायची, पार्कमधून घरी बोलवायची, ताप आला की रात्रभर त्या नावानंच तिच्याशी बोलत बसायची. त्यानं स्वतः ईराला त्या नावानं कधी हाक मारली नव्हती. ते त्या दोघींचं होतं. पुढं सगळा उन्हाळा सुजाता झगा घालून, तोंडावर फडकं बांधून, फडक्याच्या आतून मराठीत बोलत राहिली. बाकीच्या व्हॉलंटियरना मात्र ओठांवर बोट ठेवून सांगायची, नो टॉकिंग प्लीज.

तर पुढं एका शनिवारी गर्दी होती. हवा गार झाली होती. एक मराठी कुटुंब आलं होतं, आईचा आवाज मोठा, मुलगी कुंपणाच्या कडेनं पुढं पळत गेलेली. आईनं हाक मारली, "ये गं मिहिका, ये इकडं. पाणी पी आधी." वासुदेव मागं उभा होता. कुंपणाच्या पार टोकाला, जिथं बाकीच्या रीम पाठ करून उभ्या होत्या, तिथं एक मान वर झाली. मग ठमी आली. आधी चालत, मग धावत, सरळ रेषेत, त्या बाईच्या समोर जाळीला नाक लावून उभी राहिली, आणि शेपूट हलवत राहिली. लोकांनी मोबाइल काढले. "हाऊ स्वीट," कुणीतरी म्हणालं. मिहिकाची आई म्हणाली, "अगं बाई, मला ओळखतंय की काय!" सगळे हसले. शुभ्रा हसली नाही. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी सुजाताच्या हाकेला आलं होतं.

लोक गेल्यावर शुभ्रानं विचारलं, "काका, हिच्याशी मराठीत कोण बोललं?" आपण गप्प राहिलो तर चालेल, असं त्याला क्षणभर वाटलं. मग तो म्हणाला, "सुजाता बोलायची." शुभ्रा खुर्चीत बसली. "काकू? नियम तर काकूंचेच होते." "हो," तो म्हणाला. "पाजताना गप्प बसणं तिला कधी जमलं नाही. ईराच्या वेळीही नाही." मुझम्मिल म्हणाला, "कोई बात नहीं जी, अपनी मॅडम को ढूंढती है बेचारी." शुभ्रा त्याच्याकडं वळली. "भाई, इट्स नॉट क्यूट. बाहर जाएगी तो हर गाडी के पास जाएगी." मग वासुदेवला तिनं सांगितलं. थंडी सरायच्या आत हा कळप मोठ्या राखीव भागात सोडायचा होता. तिकडं सुट्टीला लोक गाड्या घेऊन वाळूत येतात, शेगड्या पेटवतात, कुत्री आणतात. मागच्या वर्षी अशीच एक माणसाळलेली रीम सोडली होती. ती कबाब भाजणाऱ्या लोकांपाशी जाऊन उभी राहिली, पोरांनी पाव दिला, आणि कुणीतरी गाडी मागं घेतली. "आपले व्हेट डॉक्टर हिला असं सोडणार नाहीत. आणि या थंडीत गेली नाही तर कळपाशिवाय वाढेल, मग कधीच नाही. मग ती इथंच. शाळेच्या मुलांना दाखवायला, फॉर लाइफ." वासुदेवनं विचारलं, "मग काय करायचं?" "तिनं पळायला हवं, काका. हाकेला यायच्या ऐवजी पळायला हवं."

रीत साधी होती. दुधाच्या पावडरीचं रिकामं डबडं, त्यात खडे. ज्या हाकेला जनावर येतं ती हाक मारायची आणि ते जवळ आलं की डबडं जोरात वाजवायचं, टाळ्या पिटायच्या, अंगावर धावून जायचं. पुन्हा पुन्हा. वासुदेवनं सुजाताची हाक सांगितली, आणि पहिल्यांदा मुझम्मिलनं करून बघितलं. "ये ग थम्मी! इदर आ ग!" ठमी रवंथ करत त्याच्याकडं बघत राहिली. मुझम्मिलनं कान धरले. "साब, ये मुझ से डरती नहीं, मुझ पे हंसती है." शुभ्रानं हाक मारली तर ठमी चार पावलं आली आणि थबकली. "माझं मराठी तिलाही फेक वाटतं," शुभ्रा म्हणाली. मग दोघं वासुदेवकडं बघायला लागली.

त्यानं डबडं पाठीमागं धरलं आणि जाळीच्या आत गेला. हाक तोंडातून निघेना. ईरा एवढीशी होती तेव्हा जे नाव त्यानं घेतलं नाही, ते आता घ्यायचं होतं. शेवटी तो हळूच म्हणाला, "ये गं ठमे." आवाज त्याला त्याचा वाटला नाही. सूर सुजाताचा लागला, शेवटी जरा वर जाणारा; इतकी वर्षं कानावर पडून तो कुठंतरी आत बसला होता. ठमी आली. त्याच्या गुडघ्यापाशी थांबून तिनं त्याचा हात हुंगला. नाकपुड्या ओल्या होत्या. श्वास गरम होता. तिच्या डोळ्यात त्याला आपण दिसलो, लहान, खाकी शर्टातले, एक हात मागं. बाहेरून शुभ्रा म्हणाली, "काका, नाऊ." त्यानं डबडं वाजवलं नाही. तो ते जमिनीवर ठेवून बाहेर आला आणि नळावर हात धुवायला लागला. पुष्कळ वेळ धुतले. मुझम्मिल म्हणाला, "खलास, आज छोडो. चाय पियो."

त्या आठवड्यात ऑफिसात त्याचं लक्ष नव्हतं. एका टॉवरमधून तक्रार आली, लिफ्टचं दार बंद होत नाही, आणि तो दोनदा त्याच माणसाला तेच विचारत राहिला. मेट्रोत बसला की ईरा आठवायची. ती चौथीत असेल तेव्हाची गोष्ट. स्कूलबस बिल्डिंगखाली थांबली, मुलं उतरली, आणि सुजातानं रोजच्यासारखं म्हटलं, ये गं ठमे. ईरा आली नाही. मैत्रिणींसमोर तोंड फिरवून म्हणाली, "मम्मा, डोन्ट कॉल मी दॅट," आणि पुढं निघून गेली. त्या संध्याकाळी सुजाता कपड्यांच्या घड्या घालत होती. त्याला वाटलं ती रडेल. तो तिची समजूत घालायला गेला तर ती म्हणाली, "लागलं मला. पण बरं झालं. हाक मारली की आली, हाक मारली की आली, असं किती दिवस चालणार? जगात मी एकटीच हाक मारणारी थोडीच आहे?" मग तिनं ईराचा फ्रॉक झटकला आणि नीट घडी घातली. त्यानंतर ते नाव घरातून गेलं, ते या उन्हाळ्यात परत आलं. मेट्रोच्या खिडकीतून टॉवर मागं जात होते. वासुदेव स्वतःशी म्हणाला, तीच म्हणाली असती, वाजवा म्हणून. आणि लगेच त्याला वाटलं, ती काय म्हणाली असती हे आता आपणच ठरवणार, आपल्याला सोयीचं असेल तसं.

पुढच्या शनिवारी त्यानं वाजवलं. ठमी इतकी जवळ आली होती की डबड्यातले खडे उसळले तेव्हा तिचं सगळं अंग एकदम हवेत गेलं. ती जाळीवर आदळली, खाली पडली, उठली आणि टोकाला जाऊन थरथरत उभी राहिली. नाकाला खरचटलं होतं. वासुदेवचा कान बधिर झाला होता. त्यानं पुन्हा हाक मारली. ती पुन्हा आली. हे त्याला सगळ्यात कठीण गेलं. घाबरलेली, अडखळत, पण आली, कारण त्या हाकेत तिच्यासाठी आजवर दुधाशिवाय दुसरं काही नव्हतं. त्यानं पुन्हा वाजवलं. घरी येऊन भात टाकायला घेतला. तांदूळ सांडले, ते त्यानं एक एक करून वेचले. ईराचा फोन आला. "बाबा, आर यू ईटिंग प्रॉपरली?" तो म्हणाला, हो. एकदम म्हणाला, "ईरा, तुला ठमी आठवतं?" ती चक्क मराठीत म्हणाली, "आठवतं ना." ती काहीतरी विचारील म्हणून तो थांबला होता. तिनं विचारलं नाही. थोड्या वेळानं ती म्हणाली, "ओके बाबा, आय हॅव अ मीटिंग."

असे काही शनिवार गेले. हळूहळू ठमी त्याच्या हाकेला थांबायला लागली, मग मान वर करून बघायची आणि उभी राहायची, आणि एक दिवस त्यानं "ये गं" एवढंच म्हटलं तर उलट्या दिशेनं सुटली, तिच्याबरोबर सगळा कळप सुटला, वाळू उडाली. मुझम्मिलनं शिट्टी मारली. "मुबारक हो लिफ्टवाले साब! ऐसी नफरत मेरी सास भी नहीं करती." शुभ्रानं टाळी वाजवली. वासुदेव हसला. आता कुंपणाच्या बाजूनं गेला तरी ठमी त्याला ओळखायची आणि दूर व्हायची. तो तिच्या आयुष्यातला वाईट माणूस झाला होता. काम झालं होतं, तरी त्याला घरी जावंसं वाटत नव्हतं.

पण काम झालं नव्हतं. शुभ्रानं एका मराठी व्हॉलंटियर बाईंना हाक मारायला लावली, अपर्णाताईंना, त्यांचा सूर जरा सुजातासारखा होता. ठमीचे कान वळले. ती थोडी पुढं आली, थांबली, पुन्हा पुढं आली. ती पुरुषाला घाबरायला शिकली होती. बाईच्या आवाजाला अजून नाही. शुभ्रानं त्याला घाफखाली नेलं. बराच वेळ ती बुटानं वाळू ओढत राहिली. "काका, डॉक्टरांशी बोलले मी. ते म्हणतात, ओरिजिनल आवाज हवा. तिला ज्यानं वाढवलं तो. त्या आवाजाला ती पळाली, तर मग कुणाच्याही आवाजाला पळेल." तिनं वर बघितलं नाही. "काकूंच्या व्हॉइस नोट्स असतील ना तुमच्याकडं?"

होत्या. येताना कोथिंबीर आणा. गॅसवाला आला नाही. अहो, फोन का उचलत नाही. आणि उन्हाळ्यातली एक, कुंपणाच्या आतून पाठवलेली. तेव्हा त्यानं ती ऑफिसात कानाला फोन लावून ऐकली होती आणि शेजारच्या टेबलावरच्या माणसानं विचारलं होतं, क्या हुआ, हंस क्यों रहे हो. तिच्यात आधी चुकचुक दूध प्यायचा आवाज होता आणि मग ती म्हणाली होती, ऐका हो, तुमची लेक कशी पितेय, ये गं ठमे, ये, अजून घे. सुजाता गेल्यापासून त्यानं यातली एकही नोट लावली नव्हती. त्याला वाटायचं, एकदा ऐकल्या की मग त्या ऐकून झालेल्या होतील.

आज शनिवार आहे. कळपाला न्यायचा ट्रक येत्या गुरुवारी यायचा आहे, आणि शुभ्रानं सांगितलंय की ठमीचं तोवर ठरवावं लागेल. मुझम्मिलनं लहान स्पीकर आणून कुंपणाच्या खांबाला तारेनं बांधला आहे आणि तो वासुदेवच्या फोनला जोडून दिला आहे. शुभ्रा आणि मुझम्मिल पाण्याच्या टाकीआड जाऊन उभे आहेत, वासुदेवला त्यांच्याकडं बघावं लागू नये म्हणून. ठमी पलीकडच्या टोकाला इतरांबरोबर चरते आहे. डबडं वाजवूनही ती या आवाजाला येत राहिली तर जन्मभर इथंच राहील, मुलं फोटो काढतील, आणि सुजाताच्या हाकेला येणारं कुणीतरी शारजापासून तासाभराच्या अंतरावर असेल. ती या आवाजाला पळायला शिकली तर गुरुवारी जाईल. वासुदेवच्या एका हातात फोन आहे, अंगठा त्या नोटवर आहे. दुसऱ्या हातात डबडं आहे, खडे वाजू नयेत म्हणून छातीशी धरलेलं. हाक मारायचं काम या वेळी त्याचं नाही, ती सुजाताच मारणार आहे.

सुजाताच्या आवाजावर डबडं वाजवायचं राहिलं आहे.